विकतचं मीठ

सातारा-सांगली भागातल्या अनेक खानावळींत ‘अन्नदाता सुखी भव’ अशी पाटी दिसते. तिच्या शेजारी दरपत्रक असतं. जादा भाकरीचे इतके, रश्श्याच्या जादा वाटीचे तितके, आणि खाली ‘उधारी बंद’. या दोन पाट्या वर्षानुवर्षं एकाच भिंतीवर सुखानं नांदतात. ताटाचे पैसे मोजून दिल्यावर अन्नदाता नेमका कोण, असं कुणी विचारत नाही. वाढणारा, पिकवणारा, की पाकीट उघडणारा?

मराठी माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, निदान तसं म्हणतो तरी. हा वाक्प्रचार चाकरीच्या काळातला आहे. धन्याच्या मिठाची किंमत ठरलेली नसायची, म्हणून ती कधी फिटायचीही नाही. आता मीठ किराणा दुकानात पुड्यावरच्या छापील किमतीला मिळतं. मग विकतच्या मिठाला जागायचं असतं का? हा प्रश्न पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मला कधी पडला नाही. बामणोलीच्या काठावर जेवताना मात्र तो दरवेळी पडतो.

ज्यांनी ती जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून पलीकडे उतरलं की जावळी तालुक्यातलं बामणोली लागतं. समोर कोयना धरणाच्या फुगवट्याचं पाणी पसरलेलं असतं. त्याचं नाव शिवसागर. वासोट्याला जायचं तर इथून बोट करावी लागते. बोट अख्खीच ठरवायची आणि भाडं डोक्यांवर वाटून घ्यायचं. साधारण दीड तास इंजिनाची धडधड ऐकत गेलं की गडाचा पायथा येतो. तिथे वनखात्याचे लोक पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं मोजून लिहून घेतात, अनामत ठेवून घेतात आणि उतरताना तेवढंच प्लास्टिक दाखवलं की परत करतात. बोटीत विकत काही मिळत नाही. जे काही खाणं होतं ते सोबत आणलेलं: साताऱ्याचे कंदी पेढे, कुणाच्या डब्यातल्या दशम्या, आणि आम्ही सांगलीचे असलो तर भडंग. भडंगाशिवाय सांगलीचा माणूस प्रवासाला निघाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

खरं जेवण काठावर. बोट सुटायच्या आधीच हॉटेलवाल्या मावशी विचारतात, “दुपारची किती ताटं?” पिठलं, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, ठेचा, भात, आमटी. आकडा सांगायचा आणि निघायचं. आगाऊ पैसे कुणी मागत नाही. तुम्ही काही तासांनी दमून परत येता तेव्हा त्या आकड्यावर पीठ मळलेलं असतं.

महाबळेश्वरला वेण्णा तलावावरही लोक बोटीत बसतात आणि खातात. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधलेला तो तलाव. काठावर भाजलेली कणसं, स्ट्रॉबेरी क्रीम, भेळ. तिथे माझं डोकं शांत असतं. पैसे द्यावेत, कणीस घ्यावं, लिंबू चोळत निघावं. बामणोलीत तसं होत नाही, कारण ताट वाढणाऱ्या अनेकांच्या घरच्या जमिनी त्या ताटासमोरच्या पाण्याखाली आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुने बांध आणि घरांची जोती उघडी पडतात. बोटवाला जाता जाता हात करून दाखवतो: ते तिकडं शेत होतं. बोटीतले लोक फोटो काढतात आणि भडंगाची पिशवी पुढे सरकवतात.

यावर सरळ उत्तर असं, की पैसे दिलेत ना, मग विषय संपला. ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये हेच सांगितलं होतं. खाटीक आणि पाववाला आपलं जेवण दयाबुद्धीनं पुरवत नाहीत, स्वतःच्या फायद्यासाठी पुरवतात, तेव्हा त्यांच्यापुढे उपकृत होऊन उभं राहायचं कारण नाही. हे उत्तर कोरडं वाटतं म्हणून आपण लेखांत आणि गप्पांत त्याला नाकं मुरडतो. मला ते पटतं, आणि ते सहजासहजी सोडू नये असं वाटतं. कारण त्याच्या विरुद्ध जे गोडगोड बोललं जातं ते जास्त संशयास्पद आहे. सहलीचे अनुभव लिहिणारे लोक ‘मावशींच्या हातची चव’, ‘साक्षात अन्नपूर्णा’, ‘पैशात मोजता न येणारं प्रेम’ असं लिहितात. त्यातलेच काही बिल देताना “मावशी, आम्ही दहाजण आहोत, काहीतरी कमी करा” म्हणतात. प्रेम पैशात मोजता येत नाही म्हटलं की पैसेही कमी मोजायला बरं पडतं. ज्याला आपण अन्नपूर्णा म्हणतो त्या बाईला गॅस सिलिंडर साताऱ्याच्याच भावानं घ्यावा लागतो, शिवाय तो घाटातून आणावा लागतो.

किंमत या गोष्टीची थोरवी कळायला याच जिल्ह्यातली एक हकीकत आठवावी. १९०१ सालची. भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि भाचा साताऱ्याहून वडिलांकडे खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कुणी आलेलं नाही. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही बैलगाडी पोरांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार या अटीवर. डबा भरलेला होता. पाणी मात्र कुणी देईना, आणि पाण्याविना खाता येईना. भरलेला डबा आणि खिशात पैसे घेऊन ती मुलं रात्रभर तहानलेली आणि उपाशी राहिली. डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे.

याच्या शेजारी बलुत्याची भाकरी ठेवा. ती फुकट होती. दारात उभं राहून मिळायची, शिळी मिळायची, आणि तिच्या बदल्यात गावानं कधीही हाक मारावी. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच होतं, फक्त खालून पाहिलेलं. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आंबेडकरांनी मांडलं, त्यामागे हीच गाठ सोडवण्याची धडपड होती. काम केलं तर ठरलेला मोबदला, त्यापुढे कुणी कुणाचा मिंधा नाही. म्हणून बामणोलीच्या काठावर मी ठरलेले पैसे देतो, मावशी घेतात, भाकरी कुणी थापली आणि ताटावर कोण बसलं हे कुणी विचारत नाही, याला मी क्षुल्लक व्यवहार म्हणणार नाही. आपल्याकडे हा व्यवहार एवढा साधा होईपर्यंत फार लोकांना फार सोसावं लागलं आहे.

तेव्हा ताटाचा हिशोब ताटाच्या किमतीनं मिटतो, हे मी मानतो. अडचण पुढे आहे. आपण त्याच न्यायानं त्या पाण्याचाही हिशोब मिटवून टाकतो. “त्यांना मोबदला मिळाला होता ना?” हे वाक्य मी बोटीत ऐकलं आहे, सांगलीत घरगुती गप्पांतही ऐकलं आहे.

कोयनेचं काम १९५४ मध्ये सुरू झालं, साठच्या दशकाच्या पूर्वार्धात पाणी अडलं आणि वीज सुरू झाली. जमिनी घेतल्या त्या १८९४ च्या इंग्रजी कायद्यानं. त्या कायद्यात सार्वजनिक प्रयोजन सिद्ध झालं की मालकाला उरायचा तो फक्त रकमेवर वाद घालण्याचा हक्क. जमीन द्यायची नाही, असं म्हणायची सोयच नव्हती. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा आला तो १९७६ मध्ये. तोवर खोऱ्यातली माणसं सातारा, सांगली, सोलापूरपासून पार रायगड-ठाण्यापर्यंत पांगली होती. जे वर डोंगरात सरकले त्यांच्या वाट्याला पुढे १९८५ मध्ये अभयारण्य आलं आणि २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर, जे आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचे, या धरणग्रस्तांसाठी कित्येक वर्षं लढत आहेत. २०१८ मध्ये कोयनानगरला लोक ठिय्या देऊन बसले होते. मागणी काय, तर जमिनीच्या बदल्यात जमीन. ज्यांचं लग्न तेव्हा व्हायचं होतं त्यांची नातवंडं त्या मांडवात होती.

मला यातून एवढंच कळतं, की किंमत हिशोब मिटवते ती विकणाऱ्याला ‘नाही विकत’ म्हणता येत असेल तेव्हाच. मावशी म्हणू शकतात, आज ताटं बंद. तसं त्या म्हणतातही, लग्नसराईत किंवा गावच्या जत्रेला. दुकान बंद ठेवायचा हक्क हा किमतीचा प्राण आहे. खोऱ्याला तो नव्हता. तिथे रक्कम दिली गेली, पण तिला किंमत म्हणणं म्हणजे शब्दाचा गैरवापर झाला. ती पावती होती, एवढंच.

आणि त्या पावतीवर खाणारे कोण? १०५ टीएमसीचं ते धरण. कृष्णा पाणी तंटा लवादानं त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी पश्चिमेला, विजेसाठी वळवायला परवानगी दिली. ते सह्याद्रीच्या पोटातून उतरतं, १,९६० मेगावॅटचा प्रकल्प चालवतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. उरलेलं कराडला कृष्णेत येतं आणि आमच्याकडे वाहतं. सांगलीचा नळ, वाळव्याचा ऊस, टेंभू योजनेनं उपसून खानापूर-आटपाडीच्या माळावर चढवलेलं पाणी, या सगळ्यात कोयना आहे. आमच्या भडंगाला लावलेल्या हळदीतही असणार. म्हणजे बोटीत बसून मी जो घास खातो, त्यातलं काही मी सांगलीहून आणलेलं असतं आणि ते मुळात इथूनच गेलेलं असतं. त्याचे पैसे मी दिलेत, पण दुकानदाराला. ज्यांच्याकडून ते निघालं त्यांना विचारलं गेलं नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, मग मावशींना शंभर रुपये जास्त दे आणि गप्प बस. ते करावं, पण त्यानं हा हिशोब मिटत नाही, उलट चुकीच्या वहीत नोंद होते. टीप ही माझी मर्जी आहे. मर्जीनं दिलेलं घेताना समोरच्याला हात किंचित खाली धरावा लागतो. धरणग्रस्त मागतात ते येणं आहे. येणं वसूल करताना हात खाली धरावा लागत नाही. मी सांगलीचा मतदार म्हणून, त्या विजेचं बिल भरणारा म्हणून त्या येण्याच्या बाजूनं बोलणं ही माझ्याकडची फेड आहे, आणि ती पिठल्याच्या चवीवर अवलंबून असायचं कारण नाही. पिठलं खारट झालं तरी ते येणं तेवढंच राहील.

यात एक गुंता आहे आणि तो मला सुटलेला नाही. मावशी खरंच ‘नाही’ म्हणू शकतात का? एखादा दिवस म्हणू शकतात. पण खालची भाताची खाचरं गेल्यावर, वरचं रान अभयारण्यात गेल्यावर, पोरं मुंबईला गेल्यावर ताटं विकण्यावाचून काय उरतं? त्यांचा नकार अर्धाच आहे. आता मुनावळ्याला सरकारनं जलपर्यटन प्रकल्प सुरू केला आहे, स्पीडबोटी आल्या आहेत. तो २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा काठावरच्या लोकांना रोजगार मिळेल असं सांगितलं गेलं, आणि काहींना मिळेलही. पण काठावर मोठी उपाहारगृहं उभी राहिली तर मावशी तिथे मालकीण असतील की भाकऱ्या थापायला रोजानं असतील, यावर त्यांचा अर्धा नकार पाऊण होतो की पाव, हे ठरेल.

या अर्ध्या नकारामुळे आपल्यावर काही येतं, असं मला वाटतं. ते भावनेचं नाही, आकड्याचं आहे. सकाळी दहा ताटं सांगून दुपारी “आम्ही साताऱ्यात जेवतो” म्हणत गाडीत बसणारे गट मी पाहिले आहेत. पैसे दिले नव्हते, म्हणजे करार नव्हता, असं त्यांचं म्हणणं. पण पीठ मळलं गेलं होतं. ज्याला ते भांडायला परवडतं त्याच्याशी माणसं अशी वागत नाहीत. पुण्यातलं हॉटेल आगाऊ रक्कम घेतं. इथे ती मागत नाहीत, कारण मागितली तर गट शेजारी जाईल.

गेल्या थंडीत आम्ही सातजण होतो. जेवण झालं आणि रोख कमी पडली. मोबाईलला रेंज नव्हती, क्यूआर कोड भिंतीवर नुसताच टांगलेला. मी म्हटलं, “मावशी, आता काय करायचं?” त्या भांडी विसळत होत्या. म्हणाल्या, “फोटो काढून न्या त्याचा. कासला रेंज येतीय, तिथनं टाका.” माझा नंबर विचारला नाही, नाव विचारलं नाही. कासच्या पठारापर्यंतचा तो घाट आम्ही दुसऱ्याचं मीठ खाऊन चढलो, जुन्या अर्थानं. गाडीत कुणी त्यावर बोललं नाही, पण रेंजची काडी दिसल्याबरोबर तिघांनी एकदम खिशातून फोन काढले. पैसे गेल्याचा हिरवा टिकमार्क आला. मावशींच्या फोनवर तो मेसेज कधी पोचला असेल कोण जाणे. बामणोलीत अजून रेंज नव्हतीच.