सही म्हणजे संमती नव्हे

शस्त्रक्रियेचा सल्ला अचूक आहे, सर्जनचा हातही कसबी आहे, आणि तरीही रुग्ण त्याच्या खोलीतून खाली मान घालून बाहेर पडतो. अशा वेळी त्याच्यावर काही अन्याय झाला, असे म्हणता येईल काय? व्यवहारी माणूस म्हणेल, रोग बरा होण्याशी मतलब. डॉक्टर गोड बोलला काय आणि तिरसट बोलला काय, फरक काय पडतो? हा युक्तिवाद आपल्याकडे इतका रुळला आहे की गोरगरीब रुग्णालाही तो पटलेला असतो. मला मात्र तो पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी एक घरचे उदाहरण द्यावे लागेल.

माझ्या खाला विडी कामगार आहेत. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायचे, पान कापायचे, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या झाल्या की दिवसाची मजुरी पुरी. त्यांना जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची. ती पाठीत शिरायची, खांद्यापर्यंत जायची. दोन वर्षे त्यांनी ओवा आणि सोड्यावर काढली. शेवटी सोनोग्राफी झाली आणि पित्ताशयात खडे निघाले. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका नावाजलेल्या सर्जनकडे आम्ही त्यांना घेऊन गेलो. बरोबर त्यांचा मुलगा होता आणि मी होते.

दोन तास बाकावर बसल्यावर नंबर लागला. आत जेमतेम चार मिनिटे गेली. डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट पाहिला आणि मुलाला विचारले, "पेशंटचे तुम्ही कोण?" त्यानंतरचे सगळे बोलणे त्याच्याशीच झाले. "ऑपरेशन करावं लागेल. सोमवारी ॲडमिट करा." खाला हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाब, एक बात पूछनी थी..." तोवर घंटी वाजली होती. "ते सगळं बाहेर सिस्टर सांगतील." बाहेर सिस्टरांनी किती पैसे भरायचे ते सांगितले आणि इंग्रजीत छापलेला एक कागद पुढे केला. सही किंवा अंगठा कुठे करायचा, तिथे फुली मारलेली होती.

परतताना रिक्षात खाला एवढेच म्हणाल्या, "बेटा, उनो फोटू कू देखे, मेरे कू देखेच नै."

सोमवारी त्या गेल्या नाहीत. आम्ही समजावले, मुलगा रागावला, पण त्या हटल्या नाहीत. सहा-सात महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले, ताप भरला. खडा सरकून पित्तनलिकेत अडकला होता. मग दुसऱ्या शहरात धावपळ, आधी दुर्बिणीने नलिकेतला खडा काढणे, नंतर पित्ताशयाची शस्त्रक्रिया, भिशीची उचल आणि वर उसनवारी. खाला वाचल्या, अल्लाहचे आभार. पण जे काम दोन-तीन दिवसांत आटोपले असते, त्यासाठी जीव टांगणीला लागला.

आता न्यायाने पाहू. पहिल्या सर्जनचा सल्ला बरोबरच होता. पित्ताशयात खडे असूनही काही त्रास नसेल तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. वारंवार कळ येत असेल तर मात्र पित्ताशय काढणे हाच खात्रीचा इलाज मानला जातो. म्हणजे वैद्यकाच्या परीक्षेत ते पास झाले. मग चूक कुठे झाली?

खालांचे प्रश्न काय होते, ते मी नंतर विचारले. पोट फाडणार की छोट्या छिद्रांतून करणार? मांडीवर सूप किती दिवस घेता येणार नाही? पित्ताची पिशवीच काढली तर खाल्लेले पचणार कसे? रमजानचे रोजे धरता येतील का? आणि नाहीच केले तर काय होईल? पाचच प्रश्न, आणि एकही अडाणी नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर दोन वाक्यांचे आहे. पित्त यकृतात तयार होते, पिशवी ते फक्त साठवते. पिशवी काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरते आणि बहुतेकांचे पचन नीट चालते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते, तर कावीळ होईपर्यंत त्या घरी बसल्या नसत्या. सगळी उत्तरे द्यायला फार तर तीन-चार मिनिटे लागली असती.

म्हणून मला वाटते, निदान बरोबर येणे हा उपचाराचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा रुग्णाच्या मनात घडायचा असतो. शरीर खालांचे, रोजगार खालांचा, भीती खालांची, आणि निर्णय मात्र त्यांच्या डोक्यावरून इकडून तिकडे गेला. मशीन दुरुस्त करणारा मशीनशी बोलत नाही, मालकाशी बोलतो. इथे मालकच समोर बसलेली होती आणि तिला मशीन समजले गेले.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. १९९५ साली दिल्लीत एका अविवाहित महिलेची तपासणीपुरती दुर्बीण घालण्यास संमती घेतली होती. त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचे गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. समीरा कोहली खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येणार आहे आणि जिवाला तत्काळ धोका नाही, तर आईची संमती ही तिची संमती ठरत नाही, असे न्यायालयाने मानले. भरपाई मिळाली २५ हजार रुपये. रक्कम किरकोळ, पण तत्त्व मोठे आहे. शस्त्रक्रिया रुग्णाच्या भल्याची होती, एवढ्याने संमतीची उणीव भरून निघत नाही. आजार काय, उपचार काय, त्याचे धोके कोणते, दुसरा मार्ग आहे का आणि उपचार न केल्यास काय होईल, हे पुरेसे सांगून मग मिळालेला होकार तोच खरा. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणेही आवश्यक झाले. पण भिंतीवरची सनद ज्याला वाचता येते त्याच्या उपयोगाची. इतरांसाठी डॉक्टरची जीभ हीच सनद.

न विचारता झालेला होकार किती महाग पडतो, हे बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ साली ऊसतोड मजूर बायकांच्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे कुणी म्हणणार नाही. पण 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल' एवढ्यावर कित्येकींनी अंगठा उमटवल्याच्या हकिकती बाहेर आल्या. खालांनी न समजल्यामुळे आवश्यक शस्त्रक्रिया टाळली. या बायकांपैकी कित्येकींनी न समजता नको ती करून घेतली. दिशा उलट्या, पण मूळ एकच.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गात धडा संपवून "समझ में आया?" असे विचारले की साठ मुले एका सुरात म्हणतात, "जी, मिस!" अनुभवी शिक्षक या 'जी'वर विश्वास ठेवत नाही. तो मागच्या बाकावरच्या मुलीला उठवतो आणि म्हणतो, "तुझ्या शब्दांत सांग." तिला सांगता आले तर धडा झाला, नाही तर पुन्हा शिकवायचा. बी.एड.ला आम्हाला हेच घोकून घेतले होते. संमतीपत्रावरची सही ही त्या सामुदायिक 'जी'सारखी आहे. "मावशी, आपण काय करणार आहोत ते तुम्ही मला सांगा पाहू," असे सर्जनने विचारावे आणि रुग्णाने आपल्या बोलीत सांगावे. ती मराठी असो, दखनी असो की वैदू-पारध्याची असो. त्या क्षणी संमती जन्माला येते. कागद नंतरचा.

डॉक्टरांची बाजू मी विसरत नाही. बाहेर पन्नास माणसे ताटकळत असतात, रात्रीची इमर्जन्सी झालेली असते. रुग्ण दगावला की नातेवाईक काचा फोडतात. डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही आपल्या समाजाला शोभणारी गोष्ट नाही. पण हा राग कुठून येतो, याचाही विचार व्हावा. ज्याला आधी धोका सांगितलेला असतो तो मृत्यूवर रडतो. ज्याला काहीच सांगितलेले नसते त्याला फसवणूक वाटते. बोलण्यात गेलेली चार मिनिटे डॉक्टरचेही रक्षण करतात.

आणि दोष एकट्या सर्जनचा तरी कसा म्हणावा? "पेशंटचे तुम्ही कोण?" हा प्रश्न पुरुषाकडे पाहून विचारला जातो, कारण आपल्या घरांतही निर्णय त्याच्याकडेच असतो. बाई बुरख्यात असो की पदरात, तिचे दुखणे तिचा नवरा किंवा मुलगा सांगतो. तिने तोंड उघडले तर "तू गप, डॉक्टरला कळतं," असे आपणच म्हणतो. घरात जिला विचारले जात नाही, तिला दवाखान्यात कोण विचारणार? प्रश्न विचारण्याची सवय दवाखान्याच्या दारात अचानक लागत नाही. ती घरात, मदरशात, शाळेत लावावी लागते.

आपल्या सभांतून कुर्तुब्याच्या अबुल कासिम जहरावीचे नाव अभिमानाने घेतले जाते. हजारेक वर्षांपूर्वी त्याने 'तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेला दिला, अवजारांची चित्रे काढली आणि शरीररचना न जाणता चाकू धरणाऱ्यांना इशारा दिला. आपल्याच मातीतल्या सुश्रुताने शिष्यांना आधी भोपळ्या-काकडीवर हात बसवायला सांगितले. हात तयार करण्याची ही परंपरा मोठी आहे आणि आजच्या सर्जनांनी ती पुढे नेली आहे. कान तयार करण्याचा अभ्यास मात्र अजून तेवढ्या निष्ठेने होत नाही. भोपळा प्रश्न विचारत नाही, माणूस विचारतो. त्याला विचारू देणे हा शस्त्रक्रियेचाच पहिला भाग आहे, आणि त्यासाठी भुलीची गरज नसते.