शिवी मोठी कीं गोळी?

एखादा विनोद सभ्य आहे कीं असभ्य, हा प्रश्न आपण चटकन् विचारतों; आपल्याला राग नेमका कशाचा आला, हें मात्र सहसा विचारीत नाहीं. नुकताच आमच्या मुलाच्या आग्रहास्तव आम्हीं ‘साउथ पार्क’ हा अमेरिकन व्यंगचित्रपट पाहिला, आणि हा दुसरा प्रश्न आम्हांस टाळतां येईना.

१९९७ सालीं दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या मालिकेवरून ट्रे पार्कर व मॅट स्टोन या जोडीनें १९९९ सालीं हा चित्रपट काढिला. त्यांतील ३९९ अपशब्दांची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथांत झाली, यावरून त्याच्या भाषेची कल्पना यावी. कथा अशी: कोलोरॅडो संस्थानांतील एका गांवचीं शाळकरी मुलें प्रौढांसाठीं असलेला एक कॅनडियन चित्रपट पाहतात व शाळेंत तीच भाषा बोलूं लागतात. एक मुलगा पडद्यावरच्या अचरट खेळाची नक्कल करतांना भाजतो आणि इस्पितळांत दगावतो. माता खवळतात, सारा दोष कॅनडाचा ठरतो, त्या चित्रपटांतील दोघां नटांना देहान्ताची शिक्षा फर्माविली जाते आणि दोन शेजारी राष्ट्रांत युद्ध पेटतें. पोरांच्या तोंडच्या शिव्या थांबविण्यासाठीं तोफा डागल्या जातात!

ही अतिशयोक्ति अगदींच निराधार नव्हे. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीं दोनच महिने त्याच कोलोरॅडोंत, कोलंबाइन येथील शाळेंत, दोघां विद्यार्थ्यांनीं बंदुकांनीं अनेकांचे प्राण घेतले होते. आणि बंदुकांइतकीच चर्चा त्यांनीं पाहिलेल्या चित्रपटांची व ऐकलेल्या गाण्यांची चालली होती. पडद्यावरील रक्तपात खपतो, पण अपशब्द खपत नाहीं, हीच या कर्त्यांची तक्रार आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, वाणीचा संस्कार हा मनाचा संस्कार होय. तें आम्हांस मान्य आहे. दुर्बलाला दिलेली शिवी माराइतकीच लागते. शिवाय ज्या बीभत्साचा बोभाटा झाला, तेंच विकून या जोडीनें पैसा मिळविला, हेंहि खरें. शिमग्याची बोंब सणापुरती शोभते. ती दीड तास चालली म्हणजे किळस येते. आम्हांसहि कित्येक ठिकाणीं आली.

परंतु शब्दाचा राग फार स्वस्त असतो. त्यानें दोष बाहेर ढकलतां येतो आणि कर्तव्य केल्याचें समाधान फुकट मिळतें. ऐन रणांगणावर मुलगा आईला विनवितो. त्याचा भावार्थ इतकाच कीं, जगाशीं भांडण्यापेक्षां माझ्याशीं बोल. ती ऐकत नाहीं, गोळी झाडते.

त्या क्षणीं आम्हांस हसूं आलें नाहीं. आमचा हा मुलगा दहा वर्षांचा असतांना एके दिवशीं शाळेंतून एक घाणेरडा शब्द घेऊन घरीं आला. आम्हीं त्यास चपराक मारली, आणि मुख्याध्यापकांस शुद्ध भाषेंत एक लांबलचक तक्रारपत्र लिहिलें. तो शब्द वर्गांत रोज त्यालाच उद्देशून उच्चारला जात होता, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. कारण त्या दिवशीं आम्हीं तें विचारलेंच नव्हतें.

शिवी ऐकून कान झांकणें सोपें आहे. पण ते झांकले म्हणजे शिवीबरोबर मुलाचें रडणेंहि ऐकूं येत नाहींसें होतें, एवढें सुज्ञ वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.