तो आला की विषय बदलायचा

२००३ साली इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात एक नवा मुलगा दाखल झाला. नाव मार्क डेली. ग्रेटर मँचेस्टर पोलीस दलात रीतसर भरती झालेला, बाकीच्यांसारखाच. दिवसभर कायद्याचे आणि शिस्तीचे धडे, संध्याकाळी बारमध्ये किंवा कुणाच्या तरी खोलीत गप्पा. फरक एवढाच होता, की डेली हा बीबीसीचा पत्रकार होता आणि त्याच्याकडे छुपा कॅमेरा होता.

त्याने जे टिपलं ते २१ ऑक्टोबर २००३ रोजी 'द सीक्रेट पोलिसमन' या नावाने टीव्हीवर आलं. त्यात एक प्रशिक्षणार्थी क्लू क्लक्स क्लॅनसारखी टोकदार टोपी तोंडावर ओढून मिरवताना दिसतो. त्यांच्या तुकडीत एक एशियन मुलगा होता. त्याच्याबद्दल हा जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा १९९३ साली लंडनमध्ये बसस्टॉपजवळ गोऱ्या पोरांच्या टोळक्याने खून केला होता. त्याची तीच लायकी होती, असंही हा म्हणतो. आणि रस्त्यावर कुणाला अडवायचं हे आपण कातडीचा रंग बघून ठरवणार, हेही तो लपवत नाही.

ब्रिटनमध्ये 'एशियन' म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. तिथे 'पाकी' ही शिवी देणारा पासपोर्ट विचारत नाही. पुण्याहून ऑनसाइट गेलेल्या मुलालाही ती तितकीच लागू होते. त्यामुळे हा कार्यक्रम बघताना आपण आपोआप त्या एकट्या मुलाच्या बाजूने बसतो. मीही तसाच बसलो होतो. पण त्या खोलीत आणखीही लोक होते. हसणारे होते, ऐकून गप्प बसणारे होते. त्यांच्याकडे माझं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं.

कार्यक्रमानंतर बऱ्याच जणांनी राजीनामे दिले. बचाव मात्र आपल्या ओळखीचा होता. मित्रांमधलं बोलणं आहे, गंमत आहे, कोण काय मनावर घेतं? २०२२ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यांचे वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी मेसेज चौकशीत बाहेर आले, तेव्हाही 'टवाळी' हाच शब्द पुढे आला. एकोणीस वर्षांत खोलीची जागा व्हॉट्सॅप ग्रुपने घेतली, बचाव तोच राहिला.

तर प्रश्न असा, की दार लावल्यानंतर माणूस जे बोलतो, तोच खरा माणूस असतो का?

आपल्याकडे याचं उत्तर तयार आहे. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. चारचौघांत माणूस सांभाळून बोलतो, मित्रांत मोकळा होतो, म्हणजे मोकळेपणी बोललेलं ते खरं. ओठात एक आणि पोटात एक असतं, तेव्हा पोटातलंच खरं धरायचं.

मला हे उत्तर पूर्ण पटत नाही. एक तर खोलीत श्रोते नसतात असं कुठे आहे? उलट खोलीतलेच श्रोते जास्त कडक असतात. वर्गात शिक्षकापुढे चुकलो तर मार्क जातात. मित्रांपुढे मिळमिळीत ठरलो तर जागा जाते. हॉस्टेलमध्ये राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, की रात्री दोन वाजताच्या गप्पांमध्येही अभिनय असतो. ज्याने आयुष्यात मारामारी केलेली नाही, तोही तिथे दहा जणांना लोळवत असतो. आणि त्या वॉरिंग्टनच्या खोलीत खुद्द डेलीसुद्धा अभिनयच करत होता. त्यांच्यातलाच एक वाटावा म्हणून. त्याचं तिथलं वागणं म्हणजे 'खरा डेली' असं आपण म्हणत नाही.

दुसरं म्हणजे, बोलणं हा कृतीचा पुरावा नव्हे. स्टीफन लॉरेन्सच्या खुनाचा संशय ज्यांच्यावर होता, त्यांच्यातल्या एकाच्या घरात पोलिसांनी १९९४ साली छुपा कॅमेरा बसवला होता. त्यात त्यांचं जे बोलणं सापडलं ते भयानक होतं. हिंसा आणि द्वेष, दोन्ही ठासून भरलेले. पण तेवढ्यावर खून सिद्ध झाला नाही, आणि होऊही नये. दोघांना शिक्षा झाली ती २०१२ साली, कपड्यांवर सापडलेल्या रक्ताच्या आणि धाग्यांच्या सूक्ष्म खुणांमुळे. ते चित्रीकरण ज्युरीला दाखवलं गेलं, पण त्यांची वृत्ती कळावी म्हणून. वृत्ती आणि कृती यांच्यामधलं हे अंतर न्यायालयाने राखलं, याचं मला बरं वाटतं.

कायदाही दाराशी थांबतो. ब्रिटनच्या १९८६च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात वांशिक द्वेष भडकवणं हा गुन्हा आहे, पण घराच्या आत, घरातल्याच लोकांना ऐकू जाईल असं बोललेलं त्यातून वगळलं आहे. आपल्या ॲट्रॉसिटी कायद्यातही जातिवाचक अपमानाच्या कलमात तो 'लोकांच्या नजरेसमोर' झालेला असावा अशी अट आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटलं. प्रत्येकाच्या माजघरात पोलीस बसवायचे नसतील, तर अशी रेघ कुठेतरी ओढावीच लागते.

पण गुन्हा नसणं वेगळं आणि त्या कामाला लायक असणं वेगळं. पोलिसाचं काम म्हणजे दिवसभर छोटे छोटे निर्णय. शंभर गाड्या जातात, त्यातली कुठली थांबवायची? दोन मुलं भिंतीला टेकून उभी आहेत, कुणाचे खिसे तपासायचे? कुणाला समज देऊन सोडायचं, कुणाला ठाण्यात न्यायचं? या निर्णयांना फारसे साक्षीदार नसतात आणि 'मला संशय आला' हे कारण बहुतेकदा पुरतं. म्हणजे खोलीत जसं कुणी बघत नव्हतं, तसंच इथेही कुणी बघत नसतं. वर्गातला माणूस गस्तीवर जातो की खोलीतला, हे कुणी ठरवायचं?

त्या केंद्रात समानतेचे धडे नव्हते असंही नाही. लॉरेन्स प्रकरणावरच्या मॅकफर्सन अहवालाने १९९९ साली लंडन पोलिसांवर 'संस्थात्मक वंशवादा'चा ठपका ठेवला होता, आणि त्यानंतर प्रशिक्षणात हा विषय आला होता. कुठला शब्द उच्चारला तर नोकरी जाईल, हे मुलांना सांगितलेलं होतं. ती मुलं ते शिकलीही. आवाज कुठे खाली आणायचा, एवढंच शिकली.

आता मला माझ्या खोलीबद्दल सांगायला हवं.

इंजिनिअरिंगला असताना आमच्या मजल्यावरच्या मित्रांचे दोन व्हॉट्सॅप ग्रुप होते. एकात नऊ जण, दुसऱ्यात आठ. नवव्याची ॲडमिशन राखीव जागेवर झालेली होती. तो आमचा मित्र होता. त्याच्या नोट्स आम्ही सगळे वापरायचो, त्याच्या गाडीवर ट्रिपल सीट फिरायचो. आठ जणांच्या ग्रुपवर मात्र कट-ऑफचे, स्कॉलरशिपचे, 'सरकारच्या जावयां'चे विनोद चालायचे. त्याचं नाव क्वचितच यायचं. यायची गरजच नव्हती.

फायनल इयरला त्याचं कॅम्पस प्लेसमेंट झालं. मी आठांच्या ग्रुपवर लिहिलं : 'कंपनीनेही कट-ऑफ खाली आणला वाटतं.' सहा जणांनी हसून लोळणाऱ्या इमोजी टाकल्या. त्याच संध्याकाळी त्याने आम्हाला मिसळ खिलवली. मी दोन पाव जास्त घेतले.

मी वाईट मुलगा होतो का? मला तेव्हाही तसं वाटत नव्हतं, आणि आज विचारलंत तर मी अडखळेन. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला ताप होता तेव्हा त्याला घेऊन दवाखान्यात मीच गेलो होतो. मग खरा मी कोण, दवाखान्यात नेणारा की मेसेज लिहिणारा? हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारत राहिलो. त्यात एक सोय आहे, हे नंतर लक्षात आलं. असा प्रश्न विचारला की दवाखाना पुढे करता येतो.

गेल्या वर्षी मी नोकरीच्या ठिकाणी इंटरव्ह्यू घेत होतो. एका आठवड्यात दोन उमेदवारांना मी एकच प्रॉब्लेम दिला. दोघेही जवळजवळ सारखेच सुटले आणि एकाच जागी अडकले : इनपुट रिकामं आलं तर काय, हे दोघांनीही बघितलं नाही. काही दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी मी माझे शेरे उघडले आणि ते दोन्ही एकाखाली एक दिसले. पहिल्याबद्दल मी लिहिलं होतं : 'थोडं मार्गदर्शन मिळालं तर छान काम करेल.' दुसऱ्याबद्दल : 'बेसिक्स कच्चे.' पहिल्याचं आडनाव माझ्या नातेवाइकांत शोभेल असं. दुसऱ्याचं, आमच्या त्या ग्रुपवर ज्यांच्यावर हसायचो त्यांच्यातलं.

मला त्याच्याबद्दल द्वेष होता का? अजिबात नाही. इंटरव्ह्यू हसतखेळत झाला होता. आडनावावरून हे घडलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण घडलं नाही, असंही सांगू शकत नाही. मॅनेजरला जाऊन मी सांगितलं, की माझा शेरा चुकला आहे, त्याला पुन्हा बोलवू या. तोवर नकाराची मेल जाऊन आठ दिवस झाले होते आणि जागा भरली होती.

त्या दिवशी वॉरिंग्टनची ती खोली मला पुन्हा आठवली, आणि प्रश्न चुकीचा मांडला जातोय असं वाटलं. खाजगी बोलण्यातून स्वभाव उघडा पडतो की नाही, असं आपण विचारतो. जणू स्वभाव आत कुठेतरी तयार होऊन बसलेला आहे आणि बोलणं ही त्याची खिडकी आहे. मला वाटतं, बोलणं हा सराव आहे. 'कट-ऑफ'चा विनोद मी चार वर्षं केला, ऐकला, फॉरवर्ड केला. मी त्यावर विश्वास ठेवत होतो की नाही, याला फारसं महत्त्व नाही. अशा माणसाची गुणवत्ता जरा कमी धरायची, याची मला सवय लागली. पोहऱ्यातलं पाणी आडातून येतं हे खरं, पण आम्ही तो पोहरा रोज परत आडातच रिकामा करत होतो.

यावर कुणी म्हणेल, मग काय मित्रांमध्येही तोलून मापून बोलायचं? राग काढायचा नाही, कुचाळक्या करायच्या नाहीत? करायच्या की. बॉसबद्दल, रूममेटबद्दल, एक्सबद्दल वाट्टेल ते बोला. पण माणसाने काय केलं यावर बोलणं आणि तो काय म्हणून जन्मला यावर बोलणं, यात फरक आहे. पहिल्यात त्याने सुधारायची जागा उरते, आणि उद्या आपलं मतही बदलू शकतं. दुसऱ्यात त्याने काहीही केलं तरी, नोकरी मिळवली तरी, आपला विनोद तयारच असतो.

आणि असं बोलणं एकट्याला जमत नाही. डेलीने स्वतः लिहिलं आहे, की त्याला भेटलेल्यांपैकी बहुतेक जण चांगले पोलीस होतील. मला ते खरं वाटतं. पण हे सगळं बाहेर आलं ते कॅमेऱ्यामुळे, त्या चांगल्यांपैकी कुणी उठून तक्रार केली म्हणून नाही. त्या टोपीवाल्याचा स्वभाव मला शंभर टक्के कळला असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत काय चालून जातं, ते मात्र नक्की कळलं.

त्या मेलनंतर मी माझ्या मित्राला फोन केला. ग्रुपबद्दल सांगितलं, मिसळीच्या दिवसाचा मेसेजही वाचून दाखवला. माफी मागताना माझी भाषा फार पुस्तकी झाली. तो म्हणाला, "ग्रुपचं मला सेकंड इयरलाच कळलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी खोलीत आलो की तुम्ही विषय बदलायचात. आणि दरवेळी तुम्हाला क्रिकेटच सापडायचं."

मी विचारलं, "मग मिसळ का खिलवलीस?"

तो म्हणाला, "अरे, मला नोकरी लागली होती. मी खुश होतो."

आता इंटरव्ह्यूचे शेरे लिहिताना मी आधी प्रॉब्लेममध्ये काय जमलं, काय नाही याची यादी करतो आणि तीच यादी सगळ्यांना लावतो. नाव सगळ्यात शेवटी बघतो. त्याने सवय जाते का, माहीत नाही; निदान ती पकडता येते. आठांचा ग्रुप अजून आहे. मागच्या महिन्यात कुणीतरी तसलाच एक विनोद टाकला. मी लिहिलं, 'हे बंद करू या यार.' बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग एकाने मॅचचा स्कोअर टाकला.