सोसणे आणि सांगणे

वाचक माउली, एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. देह दुखतो तेव्हा ते निमूट सोसणे ही भक्ती, की दुखते असे सांगून औषध घेणे योग्य? आपल्यासारख्या माळकऱ्यांच्या घरांत म्हातारे माणूस खाटेवर पडले की हा प्रश्न उभा राहतोच. माझ्या खाटेशीही तो उभा राहिला.

गेल्या वर्षी नाशिकात माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. दुसऱ्या दिवशी भुलेचा अंमल पुरता उतरला आणि मग खरे दुखणे कळले. सकाळी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. म्हणाली, "आजोबा, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?" दुखणे आठाच्या घरात होते. मी सांगितले, "दोन." गळ्यात तुळशीची माळ, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरीपर्यंत कितीदा चाललेले हे पाय, आणि आता एका गोळीसाठी कण्हायचे? ती म्हणाली, "दोनच ना? मग उठा, वॉकर धरा." मला कूसही बदलता येईना. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गोळी झोपून राहायला देत नाही, आजोबा. चालायला देतो."

तिने पुढे समजावले ते आपणही ध्यानात ठेवा. दुखते म्हणून माणूस हलत नाही. हलला नाही की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचे भय वाढते. खोल श्वास घेतला जात नाही, म्हणून छातीत कफ साठतो. स्नायू सुकतात. आणि दुखणे फार वाढू दिले की मज्जातंतू अधिकच हळवे होतात. मग तेच दुखणे आवरायला जास्त औषध लागते. म्हणून डॉक्टरांनी वेळ बांधून दिलेली गोळी वेळेवर घ्यायची, कळ डोक्यापर्यंत जाण्याची वाट पाहायची नाही. व्यायामाच्या थोडे आधी घेतली तर पाऊल सोपे पडते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवला तर सूजही उतरते.

माझ्या मनाने मात्र शास्त्राचा आधार शोधला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की शीत-उष्ण, सुख-दुःख ही येतात आणि जातात, ती सहन कर. मी तेवढेच धरून बसलो होतो. पण त्याच गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभ आणि अहंकाराने देहाला पीडणाऱ्यांविषयीही सांगितले आहे: असे लोक देहात वसणाऱ्या मलाही कष्टवतात, असे भगवंतच म्हणतात. हे आठवले आणि मी माझ्याकडे पाहिले. मी जे सोसत होतो त्यात विठ्ठल किती होता आणि 'बाबा किती खंबीर' हे ऐकण्याची हौस किती? शिवाय 'दोन' हे उत्तर सरळ खोटे होते. त्या खोट्यापायी सून दोन रात्री उशाशी जागी बसली, कारण मी कण्हत नसलो तरी ओठ चावतो हे तिला दिसत होते.

माउली, वारीत आपण काय करतो ते आठवा. मुक्कामाला पोचल्यावर पायाला फोड आले असतील तर दवाखान्याच्या गाडीपुढे रांगेत उभे राहतो. कोणी अनोळखी माणूस तेल घेऊन पाय चोळायला बसला तर त्याला माउली म्हणून हात जोडतो आणि पाय पुढे करतो. त्याने भक्ती उणी झाली असे कोणी म्हणत नाही, कारण सकाळी पुन्हा चालायचे असते. जनाबाईंच्या जात्याला देवाने हात लावला अशी कथा आपण भक्तीने ऐकतो. मग खाटेशी आलेली मदत तेवढी का परतवायची?

याचा अर्थ गोळीलाच शरण जावे असा नाही. तीव्र वेदनाशामकांनी पोट बांधते, गुंगी येते. काही गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला सोसत नाहीत. म्हणून आपल्या मनाने मात्रा वाढवू नये, शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, चूर्ण-काढे चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नये. दुखणे उतरू लागले की त्यांना विचारून औषधही उतरवावे. पोटरी सुजली, दम लागला, ताप आला, जखम पाझरली किंवा अचानक कळ येऊन पाय टेकेनासा झाला, तर मात्र क्षणभरही सोसू नये. तडक दवाखाना गाठावा.

इतके केल्यावरही काही दुखणे उरतेच. पहाटेचा ठणका उरतो. भजनात मांडी घालता येत नाही, खुर्चीवर बसावे लागते. दंडवत घालता येत नाही, उभ्यानेच हात जोडावे लागतात. हे उरलेले सोसायचे. तिथे नाम सोबतीला येते. नामाने माझा ठणका थांबला असे मी म्हणणार नाही. पण ठणक्यात मी एकटा नव्हतो. नामाला गोळीच्या तराजूत घालून कोण श्रेष्ठ हे ठरवत बसण्याची गरज मला उरली नाही.

यंदा पालखी नाशिकात आली तेव्हा डाव्या हातात काठी धरून दर्शनाला उभा राहिलो. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात काठी धरायची, हेही त्या मुलीनेच शिकवले. चार पावले पालखीबरोबर चाललो. कोणीतरी विचारले, "बाबा, दुखतंय का?" मी म्हणालो, "हो, थोडं दुखतं."

आपल्या घरी कोणी माळकरी खाटेवर असेल तर त्याला आकडा विचारा, आणि त्याने 'दोन' म्हटले तर पुन्हा एकदा विचारा.

राम कृष्ण हरि.