जोडजाहिरात आणि सत्य
इन्स्टाग्रामवर २०२१पासून एकच पोस्ट दोन खात्यांच्या नावाने प्रसिद्ध करता येते; त्यामुळे येवल्याचा पैठणी विणकर आणि नथ घडवणारा सोनार यांनी दिवाळीपूर्वी संयुक्त प्रचार केला, तर एकाने वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास दुसऱ्याच्या मालालाही लाभतो. पण असा विश्वास उसना देणे सत्याला धरून आहे का? योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्य म्हणजे जसे पाहिले, अनुमानिले वा ऐकले तशीच वाणी व मन असणे, अशी व्याख्या करून ती वाणी फसवी, भ्रामक किंवा बोधशून्य नसावी, अशी अट घातली आहे. या कसोटीवर, नथीतले मोती खरे की नकली हे न विचारता तिच्या संयुक्त पोस्टला आपले नाव जोडणारा विणकर खोटे बोलत नसला, तरी जे स्वतः जाणत नाही त्याची ग्वाही देतो. आणि ती ग्वाहीच ग्राहकाच्या खरेदीचे कारण ठरत असल्यामुळे ‘माल सोनाराचा, जबाबदारीही त्याचीच’ हा युक्तिवाद नीतीच्या दृष्टीने टिकत नाही.