डब्यातले पैसे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या चोपड्यांना हळदकुंकू वाहतो. संसाराच्या जमाखर्चाची वही मात्र पाटावर कोणी मांडत नाही. पुष्कळ घरांत ती नसतेच. आणि असली, तरी घरातली सगळी शिल्लक तिच्यात उतरलेली असते असे नाही. काही शिल्लक डाळीच्या डब्यात असते, काही साड्यांच्या घडीत. घरखर्चातून गृहिणीने कोणाला न सांगता बाजूला काढलेले हे पैसे. याला बचत म्हणावे की लपवाछपवी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी या प्रश्नाला एकदम वाचा फुटली. भाऊबीज होऊन आठवडा लोटला होता. ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा त्या मध्यरात्रीपासून चलनातून बाद झाल्या आणि घरोघरचे डबे उघडावे लागले. कुठे कौतुक झाले, कुठे थट्टा, तर कुठे ‘एवढे पैसे आले कुठून?’ असा जाब विचारला गेला. हाच जाब आयकर खात्यानेही काही जणींना विचारला. एका गृहिणीने बँकेत भरलेल्या २,११,५०० रुपयांचे प्रकरण आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठापुढे गेले, आणि नोटाबंदीच्या काळात गृहिणींनी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम उत्पन्न धरता येणार नाही, असा निर्णय जून २०२१ मध्ये झाला. कायद्यापुरता प्रश्न मिटला. घरातला मिटला का?

आक्षेप घेणारा म्हणेल, की जिथे विश्वास आहे तिथे गुप्त डबा कशाला? आक्षेप खोटा नाही. शिवाय डब्यातला पैसा झिजतो. महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली, तर बारा वर्षांत त्याची किंमत जवळजवळ निम्मी होते. परंतु माणूस लपवतो केव्हा? मागितल्यावर कारण सांगावे लागते तेव्हा. माहेरी भावाला अडीअडचणीला पाठवायचे पैसे, मुलीच्या सहलीची वर्गणी, डोळ्यांच्या तपासणीची फी. यांतल्या प्रत्येकासाठी जिला अर्ज करावा लागतो, तिने डबा ठेवला तर दोष तिच्या स्वभावाचा नव्हे, वहीचा आहे. त्या वहीत तिच्या नावाचा रकानाच नाही.

म्हणून घरचे अंदाजपत्रक हे मला नुसते गणित वाटत नाही. या घरात कोणाच्या गरजेला विचारावे न लागता मान मिळतो, हे ते सांगते. रुढ रीत अशी, की आधी खर्च करायचा आणि उरले तर शिल्लक टाकायची. अशा रीतीने फारसे काही उरत नाही, हा सर्वांचा अनुभव. आपल्या भिशीने ही रीत केव्हाच उलटी केली. बारा जणी दरमहा हजार घालतात. पाळीपाळीने एकीला बारा हजार मिळतात. व्याज एक पैचे नाही, तरी भिशी टिकून आहे. कारण तिचा हप्ता महिन्याच्या आरंभीच बाजूला निघतो आणि तो चुकला तर अकरा जणींना तोंड दाखवायचे असते.

हाच नियम घरात का नसावा? पगार हाती येताच पहिल्या ओळीत बचत लिहावी, आणि तिचे खाते दोघांच्या नावे असावे. दुसऱ्या ओळीत घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, कमावत्याला आणि न कमावत्याला सारखीच, अशी एक रक्कम द्यावी, की जिचा हिशेब कोणी कोणाला मागायचा नाही. घरभाडे, वाणसामान, वीज, फी ही सारी त्याखाली. रक्कम शंभराची असो की हजाराची. मोल तिच्या आकड्याचे नाही, न विचारण्याचे आहे.

काटकसर हा सद्गुण खरा. पण तो सगळ्यांनी मिळून पाळला तरच. एकाने हात राखायचा आणि दुसऱ्याने हिशेब मागायचा, याला काटकसर म्हणत नाहीत. आणि ज्या घरात हिशेब उघडा असतो, तिथल्या डाळीच्या डब्यात डाळच सापडते.