आधी कोणता विषय?

सभागृहात कोण किती तडफेनं बोललं याची बातमी होते. विषय पत्रिकेवर कितवा होता, हे कोणी छापत नाही. मला सत्ता त्या क्रमांकात दिसते.

१८६१च्या कायद्यानं व्हाइसरॉयच्या कौन्सिलात हिंदी माणसं बसू लागली, पण पुढ्यात ठेवलेल्या विधेयकाबाहेर बोलायची मुभा त्यांना नव्हती. १८९२मध्ये प्रश्न विचारता येऊ लागले, १९०९मध्ये उपप्रश्न आणि ठराव आले. चर्चेचा विषय सदस्यही सुचवू शकतो, एवढं मान्य व्हायला जवळपास अर्धं शतक गेलं.

यवतमाळ या वाटेवर आणखी मागे होतं. जिल्हा वऱ्हाडातला, आणि वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, त्यामुळे तिथून निवडून गेलेल्यालाही दिल्लीच्या कायदेमंडळात 'नियुक्त' म्हणून बसावं लागे. १९३७मध्ये मुंबई प्रांतात विधान परिषद आली. मध्य प्रांत-वऱ्हाडाला एकच सभागृह मिळालं. जिल्ह्याला राज्याचं वरिष्ठ सभागृह लाभलं ते १ नोव्हेंबर १९५६ला, द्विभाषिक मुंबई राज्यात गेल्यावर. त्याआधी, १९५३च्या नागपूर करारात, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलेलं होतंच. म्हणजे जागा मिळाली, वेळेचं काय?

विधान परिषदेत आज सदस्याच्या हाती बरंच आहे: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, नियम ९७ची अल्पकालीन चर्चा, नियम २६०चा प्रस्ताव. सगळं कामकाज बाजूला ठेवून आमचा विषय आधी घ्या, असं म्हणायचं तर नियम २८९. ही सूचना बहुतेकदा सभापती नाकारतात. पण नाकारण्याआधी ती का घ्यावी हे सांगायला दोन मिनिटं मिळाली, की विषय कामकाजात नोंदला जातो. मुरलेले सदस्य त्या दोन मिनिटांसाठीच सूचना देतात, आणि मला त्यात लबाडी वाटत नाही.

पत्रिकेबाहेरूनही विषय पुढे येतो. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. ते १९६०पासून १९७८पर्यंत परिषदेचे सभापती होते, म्हणजे इतरांच्या विषयांचा क्रम लावणारे. पुसदकडचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२च्या दुष्काळात, ती योजना राज्यभर राबवली गेली, कायदा १९७७चा. आधी कामं निघाली, कायदा मागून आला.

कापसाला मात्र असा सभापती भेटलेला नाही. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात भरतं, तेव्हा यवतमाळच्या बाजारात कापूस उतरू लागलेला असतो. विदर्भावरची चर्चा शेवटच्या दिवसांवर ढकलली जाते, ही तक्रार जुनी आहे. हीच चर्चा अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी लावली, तर मंत्र्याला त्याच आठवड्यात, त्याच सभागृहात उत्तर द्यावं लागेल, आणि वेचणीतला निम्मा माल तरी तोवर शेतकऱ्याच्या घरात असेल.